फौंड्रीचे वीजबिल साच्यापासून मोजा

करवीर, हातकणंगले आणि कागल या तालुक्यांत ज्या गावातला एकही मुलगा फौंड्रीत कामाला नाही, असे गाव क्वचितच सापडेल. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत आणि शहरातले जुने उद्यमनगर मिळून जिल्ह्यात लहानमोठ्या तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. घरचा दीड-दोन एकर ऊस, दारात एक-दोन म्हशी आणि एका मुलाचा फौंड्रीचा पगार, यावर चालणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. काही घरांनी याच्याही पुढे पाऊल टाकले आहे. उसाचे बिल, बँकेचे कर्ज आणि रस्त्याकडेची दोन-चार गुंठे जमीन विकून आलेला पैसा घालून त्यांनी स्वतःची शेड उभी केली. शेड उभी राहते, मालाची ऑर्डरही मिळते, पण महिन्याच्या शेवटी विजेचे बिल आले की हिशेब बसत नाही. म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

शेतीखात्यातल्या माणसाने ओतकामावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण विहिरीवरच्या पंपाची बॉडी, उसाच्या चरकाचे लाट, ट्रॉलीचा हब हे सगळे ओतीव बीडच. आपल्या भागातला ओतकामाचा धंदा शेतीच्या पोटीच जन्मला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोडला कारखाना नेला तो लोखंडी नांगरासाठी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी दिल्या, ही हकिकत जुनी माणसे अजून सांगतात. पुढे कोल्हापूरच्या ऑईल इंजिनांनी विहिरीवरची मोट थांबवली. इंजिन गेले, मोटारी आल्या, आणि फौंड्र्या मोटारगाड्यांचे व ट्रॅक्टरचे भाग ओतू लागल्या.

गुऱ्हाळ ज्याला कळते त्याला फौंड्री कळते

फौंड्रीत जी ऊर्जा लागते तिच्यातला साठ ते सत्तर टक्के वाटा नुसता धातू वितळवण्यात जातो. बाकीचा कॉम्प्रेसर, वाळूची मशीन, ग्राइंडिंग, शॉट ब्लास्टिंग यांचा. बीड १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला निव्वळ उष्णता टनाला ४०० युनिटच्या आसपास लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, त्यात सूट नाही. प्रत्यक्षात चांगली चालवलेली इंडक्शन भट्टी टनाला साडेपाचशेच्या आसपास घेते आणि निष्काळजीपणे चालवलेली भट्टी सातशेच्या वर जाते. मधले दीडशे युनिट जातात कोठे, हा खरा प्रश्न.

गुऱ्हाळावर पहिले आधण उशिरा उतरते हे आपल्याला ठाऊक आहे. चुलवाण थंड असते, ते तापण्यात जळण जाते. एकदा चुलवाण तापले की आधणामागून आधण झपाट्याने उतरते. भट्टीचेही तसेच. सकाळची पहिली हीट वीज जास्त खाते, कारण अस्तरही तापवावे लागते. म्हणून आठवड्यात सहा दिवस रोज तीन-तीन हीट काढण्यापेक्षा तीन दिवस सलग सहा-सहा हीट काढणे स्वस्त पडते. उरलेले दिवस साचे, कोअर आणि सफाईला द्यावेत. लहान शेडवाल्याला हे सहज जमण्यासारखे आहे, फक्त साचे ठेवायला जागा आणि कामाची आखणी पाहिजे.

गुऱ्हाळावर ओली चिपाडे घालणारा जळव्या कोणी ठेवत नाही. नुसता धूर होतो आणि काहील तापत नाही. फौंड्रीत मात्र हीच चूक रोज होते. रनर-रायझरचे तुकडे आणि खराब कास्टिंग पुन्हा भट्टीत घालताना त्यांना चिकटलेली वाळू तशीच आत जाते. ही वाळू वितळून तिची मळी, म्हणजे स्लॅग होते आणि ती काढून टाकावी लागते. वजनाच्या एक टक्का मळी झाली की टनामागे सुमारे १० युनिट वाया गेले असा ओतकामातला ठोकताळा आहे. परत मालाला तीन-चार टक्के वाळू सहज चिकटलेली असते. म्हणजे वाळू वितळवण्यासाठी आपण वीज मंडळाला पैसे देतो, आणि वर ती वाळू भट्टीचे अस्तर खाते ते वेगळेच. परत माल झोडून, शक्य तर शॉट ब्लास्टमधून काढून मगच भट्टीत घालावा. गंजलेले, तेलकट, मातीने भरलेले भंगार स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यानेही हाच हिशेब करावा.

झाकण कोपऱ्यात

एका गावात दोन भावांनी मिळून अर्धा टनी इंडक्शन भट्टी टाकली आहे. बिल फार येते म्हणून दोघांची सोलर बसवण्याची तयारी चालली होती. शेडमध्ये गेल्यावर दिसले की भट्टीचे झाकण भिंतीला टेकवून ठेवले आहे आणि त्यावर कामगारांचे हातमोजे वाळत आहेत. विचारले तर थोरला म्हणाला, "साहेब, झाकण लावलं की माल घालाय सारखं काढाय लागतंय, पोरं कटाळत्यात."

पोरांचा कंटाळा खरा आहे. धगीपुढे वजनदार झाकण हाताने उचलणे हे काम सोपे नाही. पण अर्धा टनी भट्टीचे तोंड हातभर रुंदीचे असते आणि १५०० अंशाचा रस आत लखलखत असताना त्या तोंडातून, ढोबळ हिशेबाने, तीस किलोवॉट किंवा त्याहून जास्त उष्णता नुसती छपराकडे जाते. पाच हॉर्सपॉवरच्या सात-आठ मोटारी कोरड्या विहिरीवर चालू ठेवल्यासारखे हे आहे. भंगार घालण्याच्या काळात तोंड थोडेफार झाकलेले असते, पण रस तयार झाल्यावर तपासणी आणि ओतण्याची वाट बघण्यात जी पंधरा-वीस मिनिटे जातात, ती फार महाग पडतात. झाकणाला बिजागरी आणि उलट वजन लावून ते एका हाताने फिरेल असे करून घेणे हे गावच्या वेल्डरचे काम आहे. आधी ते करावे, सोलरचा विचार मग करावा. वाया जाणाऱ्या विजेसाठी मोठे सोलर बसवणे म्हणजे फुटक्या पाटासाठी मोठी मोटार घेणे होय.

त्याच शेडमध्ये रस तयार झाला तेव्हा साचे तयार नव्हते. कोअर ओले होते. मग भट्टी तशीच तापवत ठेवली आणि "थंड पडायला नको" म्हणून तापमान आणखी चढवले. गरजेपेक्षा ५० अंश जास्त तापवले तर निव्वळ उष्णतेतच टनाला बारा युनिट जातात, आणि तापमान जितके जास्त तितकी बाकीची गळती व अस्तराची झीजही वाढते. रसाचे तापमान डोळ्यांनी ओळखणारे जुने मिस्त्री हुशार असतात यात शंका नाही. पण तापमापकाचे टोक रसात बुडवून आकडा बघण्याला पर्याय नाही. गुळव्यालासुद्धा हल्ली थर्मामीटर दिलेला चालतो.

खरा पैसा साच्यात

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेल्या गोष्टी करायच्याच आहेत. पण फौंड्रीचा मालक 'टनाला किती युनिट' हा आकडा भट्टीच्या मीटरवरून काढतो, तेथेच तो फसतो. गिऱ्हाईक पैसे देते ते चांगल्या कास्टिंगचे. म्हणून हिशेब विकलेल्या मालाच्या टनावर मांडावा.

समजा १०० किलो रस ओतला. त्यातले ४० किलो रनर आणि रायझरमध्ये गेले. रायझर म्हणजे कास्टिंग थिजताना आकसते तेव्हा त्याला रस पुरवणारा साठा. तो लागतोच, पण किती लागतो हे फारसे कोणी तपासत नाही. राहिले ६० किलो कास्टिंग. त्यातले आठ टक्के खराब निघाले, म्हणजे पाच किलोच्या आसपास. हाती राहिले ५५ किलो. याचा अर्थ, एक टन चांगला माल विकायचा तर सुमारे १८१० किलो बीड वितळवावे लागते. भट्टी टनाला ६२० युनिट घेत असेल तर विकलेल्या टनामागे ११२० युनिटच्या वर वीज झाली.

आता भट्टीला हातही लावू नका. ती ६२० युनिटच घेऊ दे. फक्त रायझर नीट आखून १०० किलोतले ६५ किलो कास्टिंगमध्ये आणले आणि खराब माल आठवरून चार टक्क्यांवर आणला, तर वितळवावे लागते सुमारे १६०० किलो आणि वीज होते ९९५ युनिटच्या आत. टनामागे जवळजवळ १३० युनिट वाचले. याउलट साचे तसेच ठेवून भट्टी सुधारली आणि ती ६२० वरून ५८० वर आणली, तर वाचतात ७२ युनिट. दोन्ही केले तर उत्तमच. पण पहिल्यात नवी मशीन घ्यावी लागत नाही.

वर सांगितलेल्या दोघा भावांसारखी शेड महिन्याला ५५ टन चांगला माल काढत असेल, तर १३० युनिटप्रमाणे महिन्याला सात हजार युनिट होतात. युनिटला नऊ रुपये धरले तर महिना साठ हजारांच्या वर जातो. बँकेचा हप्ता त्यातून निघावा. शिवाय वाचलेली वाळू, मोल्डरची मजुरी, ग्राइंडिंगचे चाक हे वेगळेच. खराब निघालेल्या कास्टिंगचे बीड परत भट्टीत घालता येते, म्हणून "वाया काय गेलं?" असे लोक म्हणतात. बीड परत मिळते हे खरे, पण त्यावर खर्च केलेली वीज, घाम आणि दिवस परत मिळत नाहीत.

माल खराब का होतो? याची कारणे अनेक आहेत, पण लहान शेडमध्ये पहिले कारण बहुतेक वेळा वाळूतले पाणी हेच असते. आपल्याला वाफसा कळतो. रान ओले असताना नांगर घातला तर ढेकळे निघतात, वाळल्यावर घातला तर फाळ चालत नाही. साच्याच्या वाळूलाही वाफसा लागतो. साध्या बेंटोनाइटच्या वाळूत साधारण तीन ते चार टक्के पाणी असावे. जास्त झाले की रस पडताच त्याची वाफ होते, ती बाहेर निघायला वाट शोधते आणि कास्टिंगमध्ये भोके पडतात. कमी झाले की साचा ढासळतो आणि वाळूचे कण रसात मिसळतात. मुठीत दाबून वाळूचा अंदाज घेणारे अनुभवी मोल्डर आहेत, पण पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकाच हाताचा अंदाज वेगळा पडतो. वाळू तपासायची साधी साधने काही फार महाग नाहीत. दिवसातून तीन वेळा तपासणी आणि वहीत नोंद, एवढे केले तरी खराब मालाचे प्रमाण उतरते. कोणत्या साच्याचा, कोणत्या पाळीचा, कोणत्या दोषाचा माल किती निघाला याची ही वही, माझ्या मते, कोणत्याही नव्या मशीनपेक्षा जास्त कमाई करून देते. दुधाची फॅट रोज लिहिणाऱ्या घरांना ही सवय नवी नाही.

रायझरचे आकार पूर्वी मिस्त्रीच्या हातखंड्यावर ठरत. आता रस साच्यात कसा भरतो आणि कोठे शेवटी थिजतो हे संगणकावर आधी दाखवणारे प्रोग्रॅम आहेत. ते विकत घेण्याची ऐपत लहान शेडवाल्याला नसली, तरी पैसे देऊन एकेका पॅटर्नचे काम करून घेता येते. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन या संस्थेची शाखा कोल्हापुरात आहे, तेथे यातले जाणकार भेटतात. सगळे पॅटर्न एकदम हाती घेऊ नयेत. ज्याची ऑर्डर वर्षभर चालते असा एकच भाग आधी घ्यावा.

कुपोलावाल्यांसाठी

आपल्याकडे बऱ्याच फौंड्र्यांनी कुपोला सोडून इंडक्शन भट्टी घेतली, तरी कोकवर चालणारे कुपोले अजून आहेत. त्यांनी प्रथम कोक वजन करून घालावा. पाटीचा हिशेब फसवा असतो, कारण भरणाऱ्याचा हात बदलला की पाटी बदलते. एका किलो कोकवर पाच किलो बीड वितळत असेल तर टनाला २०० किलो कोक लागतो. तेच प्रमाण एकास आठवर आले तर १२५ किलो पुरतो. कोकचा आजचा भाव ज्याला त्याला माहीत आहे.

दुसरी गोष्ट हवेची. कुपोल्यात खालून हवा जाते, कोक जळतो, पण वर चढताना त्या वायूतला काही भाग पुन्हा कोक खाऊन अर्धवट जळलेला वायू बनतो आणि धुराड्यातून निघून जातो. खालच्या भोकांच्या सुमारे हातभर-दोन हात वर हवेच्या भोकांची दुसरी ओळ दिली आणि हवा दोन्हीकडे मोजून वाटली, तर हा वायू आतच जळतो. याला डिव्हायडेड ब्लास्ट कुपोला म्हणतात. त्याने कोक साधारण पाव हिश्शाने वाचतो किंवा तेवढ्याच कोकवर रस जास्त गरम मिळतो. पश्चिम बंगालमधल्या हावड्याला, जेथे लहान फौंड्र्या फार आहेत, तेथे 'टेरी' संस्थेने स्विस मदतीने १९९८ मध्ये असा कुपोला बसवून दाखवला. मात्र जुन्या कुपोल्याला अंदाजाने भोके पाडून हा लाभ मिळत नाही, उलट रस थंड येतो. ब्लोअरची हवा, भोकांचा आकार आणि कोकचा थर यांचा मेळ जाणकाराकडूनच घालून घ्यावा.

गळकी नळी आणि वीजबिलाचा कागद

कॉम्प्रेसरची हवा फुकट असते असा एक समज आहे. शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद असताना कान देऊन ऐका, सूं सूं आवाज येतो. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचे एक भोक सुमारे तीन किलोवॉट वीज खाते. अशी चार भोके म्हणजे दिवसभर चालणाऱ्या तीन-चार मोटारी. साबणाचे पाणी लावून सांधे तपासणे हे ट्यूबचे पंक्चर शोधण्याइतके सोपे काम आहे. अंगावरची धूळ उडवायला कामगार हीच हवा वापरतात. ते महाग आहे आणि डोळ्यांना धोक्याचेही आहे.

बिलाचा कागद मालकाने स्वतः वाचावा, नुसता अकाउंटंटकडे टाकू नये. उच्चदाब ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएच या मापाने आकारणी होते. शेतीच्या मोटारीला आपण कपॅसिटर लावतो तो ज्या कारणासाठी, तेच कारण येथे थेट रुपयांत दिसते. पॉवर फॅक्टर घसरला की न वापरलेल्या विजेचे पैसे पडतात. दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना दरही वेगवेगळे असतात आणि नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे ते तास बदलतात. वडिलांच्या काळापासून रात्रीचीच पाळी चालत आली म्हणून ती चालवत राहू नये. चालू बिलावरचे तास बघून भट्टीची वेळ ठरवावी.

ज्यांना खरोखर नवी यंत्रे घ्यायची आहेत त्यांच्यासाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची 'अदिती' ही योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जावर ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत आहे. निवडलेल्या १४ उद्योगांत फौंड्रीही आहे. त्यासाठी आधी ऊर्जा तपासणी करून घ्यावी लागते आणि किमान १० टक्के बचत दाखवावी लागते. तपासणीला येणाऱ्या माणसापुढे वर सांगितलेली वही ठेवली तर त्याचे काम अर्धे झाले म्हणून समजा.

काळ्या वाळूविषयी गावाला दोन शब्द

फौंड्रीसाठी सिलिका वाळू घाट चढून कासार्डे-फोंडा भागातून येते. ट्रकचे भाडे देऊन आणायची, एकदा वापरायची आणि पुन्हा भाडे देऊन कोठे तरी ओतायची, हा दुहेरी खर्च आहे. वापरलेली वाळू चाळून, घासून पुन्हा घेता येते. जो फौंड्रीवाला ती परत वापरतो त्याचा पैसा वाचतो आणि गावाचा ओढाही वाचतो.

कारण ही वाळू शेवटी गायरानात, ओढ्याच्या काठाला किंवा एखाद्याच्या पडीक रानात येऊन पडते. काही शेतकरी बंधू भारी काळ्या जमिनीत ती मिसळायला नेतात, "जमीन हलकी होईल" म्हणून. असे करू नये. तिच्यात बेंटोनाइटची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी असते. कोअरची वाळू असेल तर फिनॉलसारख्या रसायनांचे राळही असते. एकदा मिसळलेली वाळू रानातून वेचून काढता येत नाही. विहिरीच्या आसपास तर ती मुळीच पडू देऊ नये. ढीग आधीच पडलेला असेल तर पावसाळ्यापूर्वी तो उचलायला लावावा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हद्दीतल्या प्रत्येक फौंड्रीकडून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी. कारखान्यातून कोणता कचरा निघतो, किती निघतो आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची, हे त्यात लिहिलेले असते. रात्रीच्या ट्रॉलीचा नंबर टिपून ठेवण्याआधी तो कागद दप्तरी असलेला बरा.